दोन अँपिअरचा फ्यूज

रजिस्टरात फ्यूजची पहिली नोंद माझ्याच अक्षरात आहे. ११ डिसेंबर, पहाटे २.४०, चेंबर नंबर दोन, सगळं बंद, पॅनलमधला काचेचा फ्यूज उडालेला, नवा टाकला, चालू. त्यापुढे मी काहीच लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही. दहा रुपयांची काचनळी, आत केसाएवढी तार. उडाली, बदलली, शाल गुंडाळून मी घरात येऊन झोपले.

आमचं घर सावद्याजवळ, फैजपूरच्या रस्त्याला. घरामागच्या खळ्यात केळी पिकवायची दोन चेंबर आहेत. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी घरोघरी, पण बहुतेक माल हिरवाच ट्रकात चढतो आणि उत्तरेकडे जातो. पिकवून विकणारे आमच्यासारखे थोडेच. सासरे, म्हणजे आमचे नाना, सांगतात की त्यांच्या तरुणपणी केळी वखारीत कोंडून धुरी द्यायचे. धुरातच थोडा इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू असतो, ऊबही मिळते, आणि केळी पिवळी होते. मधे कार्बाइडचा काळ येऊन गेला, त्यावर आता कायद्याने बंदी आहे. आमच्याकडे इथिलीन गॅस वापरतात, तोही १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आत, तेवढीच परवानगी आहे.

बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की खानदेशात आम्ही खोली गरम करायला हीटर लावतो, तर त्याला खरं वाटत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण डिसेंबर-जानेवारीत तापीकाठची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते, आणि केळीला १३ अंशांखाली थंडी लागते. सालीखाली तपकिरी रेघा उमटतात, साल राखेसारखी मळकट होते, मग तुम्ही काहीही करा, ती सोन्यासारखी पिवळी होत नाही. संध्याकाळी शेतातून आलेला गार माल आधी १७ अंशांपर्यंत उबवावा लागतो. आणि एकदा पिकायला लागला की केळी स्वतःच उष्णता सोडते, म्हणून तिसऱ्या दिवसापासून भर थंडीतही कूलिंग लागतं. त्यामुळे आमचं युनिट दोन्ही कामं करतं. आत छताला लटकवलेला कूलर, त्याचे तीन पंखे, पंख्यांपुढे दोन-दोन किलोवॅटचे तीन हीटर, आणि बाहेर भिंतीला कम्प्रेसर.

तापमानाचं रजिस्टर मी ठेवते. गराचं तापमान, खोलीचं तापमान, गॅस कधी सोडला, दार कधी उघडून हवा बदलली, आणि हीटर कधी लागला, कधी बंद झाला. हीटरची वेळ मी फक्त वीजबिलासाठी लिहीत होते. सहा किलोवॅट म्हणजे थोडंथोडकं नव्हे. ही नोंद पुढे इतकी कामाला येईल हे मला ठाऊक नव्हतं.

१३ तारखेला पहाटे सव्वाचारला पुन्हा तेच झालं. डिस्प्ले विझलेला, पंखे थांबलेले, खोलीत ती विचित्र शांतता. चेंबरजवळ राहणाऱ्या माणसाला त्या शांततेनेच जाग येते. फ्यूज उडालेला. या वेळी मात्र मी नवा फ्यूज टाकताना दचकत होते.

युनिट बसवून देणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक जळगावहून दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मुलगा चांगला होता, बोलायला नम्र. त्याने पॅनल उघडलं, फ्यूज टाकला, कूलिंग लावून पाहिलं. सगळं सुरळीत. अर्धा तास चालवलं. काहीच बिघडलं नाही. मग तो म्हणाला, "ताई, बोर्ड वीक झालंय. आत्ता चालेल, पण भरवसा नाही." बोर्ड बदललं. साडेअकरा हजार. पुढच्याच पहाटे १.५५ला फ्यूज उडाला. १६ तारखेला ३.२०ला परत.

मी फोन केला तेव्हा त्याने सांगितलं की गावात व्होल्टेज कमी-जास्त होतं, स्टॅबिलायझर लावा. त्यानंतरच्या फोनवर कम्प्रेसरच गेला असेल असं निघालं, आणि कम्प्रेसरचा आकडा ऐकून यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसले.

१८ तारखेला आम्हाला चोपड्याला लग्नाला जावं लागलं. घरी नाना एकटे. रात्री कधीतरी फ्यूज उडाला. नाना झोपेत, त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. नुसतं युनिट बंद पडलं असतं तरी एवढं बिघडलं नसतं. भिंती जाड पफच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या आहेत, आतली ऊब आतच राहते. पण हवा बदलणारा पंखा वेगळ्या टायमरवर आहे, त्याचा या पॅनलशी संबंध नाही. तो ठरल्या वेळी लागत राहिला आणि बाहेरची नऊ अंशांची हवा आत ओढत राहिला. सकाळी येऊन मी केळीत काटा खुपसला, गराचं तापमान १२.४. पाच टन माल. त्याचा रंग पुढे कसा आला ते लिहायला आजही जड जातं. नाना एका घडाच्या फण्या हातात घेऊन नुसते फिरवत राहिले आणि काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मी आप्पांना फोन केला.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. भुसावळला रेल्वेत विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. आमच्या गावात कुणाची विहिरीवरची मोटर जळाली तर लोक त्यांना दाखवतात. चेंबरचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. फक्त म्हणाले, मी येतो, पण कुठलाही स्पेअर आणून ठेवू नका.

आल्यावर पॅनलकडे न जाता ते ओट्यावर बसले आणि मला विचारलं, "आधी सांग, कव्हय उडना?" त्यांना वेळ हवी होती. चेंबरमध्ये काय झालं, मेकॅनिक काय म्हणाला, बोर्ड कुठलं, हे सगळं नंतर. मी रजिस्टर आणलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला चार फ्यूजच्या वेळा मोठ्याने वाचायला लावल्या. २.४०, ४.१५, १.५५, ३.२०. मग म्हणाले, त्याच्या अलीकडची ओळ वाच. प्रत्येक वेळी अलीकडची ओळ एकच होती, हीटर लागला. २.२२ला, ३.५८ला, १.३६ला, ३.०३ला.

मी बोटांवर वजाबाकी केली. अठरा मिनिटं, सतरा, एकोणीस, सतरा. माझ्या अंगावर काटा आला. हे आकडे आठवडाभर माझ्याच वहीत होते, आणि मी रोज त्यांच्या खाली नवी ओळ लिहीत होते.

खरं तर माझा संशय फॉगरवर होता. चेंबरमध्ये आर्द्रता नव्वदच्या वर ठेवायची म्हणून बारीक तुषार सोडणारा फॉगर आहे, हा फ्यूज ज्या २४ व्होल्टच्या लाइनवर आहे, त्याच लाइनवर फॉगरचा पाण्याचा वाल्व्ह चालतो. पाणी आणि वीज, डोकं आधी तिकडेच जातं. आप्पांनी तीही वेळ काढायला लावली. फॉगर दर अर्ध्या तासाला लागतो, तेव्हा कुठल्याही घटनेच्या आधी अर्ध्या तासात तो लागलेला असणारच. फ्यूज उडण्याच्या आधी तो कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस मिनिटं अगोदर लागला होता. त्यात काही सूत्र नव्हतं, हीटरच्या वेळांत होतं. आणि मेकॅनिक आला ती वेळ दुपारची. दुपारी खोलीला ऊब लागतच नाही, हीटर लागलाच नाही, म्हणून त्याला सगळं नीट दिसलं. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने जे चालवलं ते खरंच नीट चाललं.

व्होल्टेजचीही शंका आप्पांनी झटकून टाकली नाही, हे मला फार आवडलं. रात्री शेतीचे पंप एकदम लागले की आमच्याकडे व्होल्टेज उतरतं, हे खरं आहे. मूळचं व्होल्टेज उतरलं की ट्रान्सफॉर्मरमधून २४ऐवजी वीस-एकवीसच निघतात, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठी वीज जोडणारा स्विच, पुरता ओढत नाही, थरथरतो, आणि थरथरताना जास्त करंट खातो. त्यात फ्यूज जाऊ शकतो. पण दोन रात्री मी फ्यूज बदलताना पॅनलवरच्या मीटरचा आकडाही लिहून ठेवला होता, २३२ आणि २२८. म्हणजे ते कारण नव्हतं.

मग पॅनल. त्याआधी चेंबरचं दार उघडून पंख्याने हवा पूर्ण बदलून घेतली. इथिलीन हवेत २.७ टक्क्यांच्या वर गेला तर पेटतो. आमच्या १०० पीपीएमच्या तो २७० पट आहे, तरी आप्पा म्हणाले की गॅसच्या खोलीत ठिणगीचं काम हवा बदलल्याशिवाय करायचं नाही. मेन स्विच खाली, त्यावर कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. त्यानंतर एक गोष्ट त्यांनी केली ती मी आता दर वेळी करते. मीटर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून पाहिला, २३४. मग बंद केलेल्या पॅनलवर, शून्य. मग पुन्हा त्या प्लगवर, २३४. बंद लाइनीवर शून्य दाखवणारा मीटर आणि बिघडलेला मीटर दिसायला सारखेच असतात.

कम्प्रेसरचं आधी उरकलं, कारण यांचा जीव तिथे अडकला होता. तीन टर्मिनलच्या तिन्ही जोड्यांत रोध सारखाच, १.९ ओहम. बॉडीशी मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र लावलं तर पन्नास मेगोहमच्या वर. आप्पांनी मेगर पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "कम्प्रेसर चांगला शे, पोरी. त्याले हुकूमच नही भेटी राहना."

त्या वाक्याने मला पॅनल पहिल्यांदा समजलं. तोवर माझ्या लेखी ती वायरींची जाळी होती. आत दोन वेगळ्या विजा आहेत. एक मोठी, ४१५ व्होल्ट, तीन फेज, कम्प्रेसर आणि हीटर चालवणारी. दुसरी लहान, २४ व्होल्ट, जी फक्त हुकूम पोचवते. तापमान बघणारा कंट्रोलर म्हणतो, ऊब हवी. तो हुकूम सुरक्षेच्या स्विचांमधून जातो. कम्प्रेसरच्या गॅसचं प्रेशर जास्त झालं का, कमी झालं का, हीटर बेसुमार तापला का. सगळे हो म्हणाले तर हुकूम कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पोचतो, कॉइल लोखंड ओढते, आणि तेव्हा कुठे मोठी वीज पुढे जाते. आमचा दोन अँपिअरचा फ्यूज या लहान विजेच्या तोंडाशी बसलेला. तो उडाला की हुकूम देणारंच कुणी उरत नाही. कूलिंग, पंखे, फॉगर, सगळं एकदम मुकं. म्हणून मेलं कोण हे बाहेरून ओळखू येत नाही, सगळेच मेल्यासारखे दिसतात.

तीन कॉन्टॅक्टरच्या कॉइल मोजल्या, पंधरा-सोळा ओहम प्रत्येकी. फॉगरचा वाल्व्हही ठीक. प्रत्येक वायर बॉडीशी मोजली, कुठेच शॉर्ट नाही. दुपारचे चार वाजले होते, खोली कोमट, आणि मीटर सगळीकडे 'सब ठीक' म्हणत होता. मेकॅनिक जिथे थांबला होता तिथेच आम्ही येऊन थांबलो होतो.

आप्पा म्हणाले, बिघाड गरम झाल्यावर येतो, तर त्याला गरम असतानाच धरायचा. पण त्यासाठी फ्यूज कामाचा नाही. फ्यूज उडाला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. एकामागून एक फ्यूज जाळून शोधायचं तर डबा रिकामा होईल आणि हाती काही लागणार नाही. त्यांनी यांना विचारलं, बाहेर केळीचा ट्रक उभा आहे का? होता. मोठ्या ट्रकची वीज बहुधा २४ व्होल्टचीच असते. ड्रायव्हरभाऊंकडे इंडिकेटरचा जादा बल्ब होता, २१ वॅटचा. आप्पांनी त्याला होल्डर आणि दोन वायरी जोडल्या आणि टोकांना चिमटे लावले.

त्याची युक्ती अशी. हा बल्ब फ्यूजच्या जागी लावायचा. शॉर्ट असेल तर पूर्ण २४ व्होल्ट बल्बावर येतात आणि तो लखलखीत पेटतो, पण एक अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, म्हणून काही जळत नाही. मग एकेक फांदी सोडवत जायची. ज्या फांदीबरोबर बल्ब विझेल त्या फांदीत चोर. फ्यूज फक्त एवढं सांगतो की बिघाड आहे. बल्ब मात्र बिघाड असेपर्यंत उजेड देत राहतो.

रात्रीची वाट पाहिली. मधल्या वेळात भरीत झालं. डिसेंबरात आप्पांसारख्या माणसाला भरीत आणि कळण्याची भाकरी दिल्याशिवाय कुठलं घर सोडेल. पावणेअकराला कंट्रोलरचं सेटिंग वाढवून हीटर लावला, मी वेळ लिहिली. १०.४८. सतरा मिनिटं आम्ही चौघं पॅनलसमोर होतो, नाना खुर्चीवर. कुणी काही बोलत नव्हतं. ११.०५ला टक् असा बारीक आवाज आला आणि डिस्प्ले विझला.

आता घाई होती. थंड झालं की शॉर्ट पळून जाणार. आप्पांनी कम्प्रेसर आणि हीटरच्या तीन फेजच्या एमसीबी खाली ओढल्या, फक्त लहान ट्रान्सफॉर्मरची चालू ठेवली, विझलेल्या कंट्रोलरच्या जागी हीटरचा हुकूम तात्पुरत्या तारेने जोडून दिला, फ्यूज काढून चिमटे लावले. बल्ब पेटला. एवढा लखलखीत की पॅनलच्या आतले नंबर वाचता येत होते. मी टॉर्च धरली होती ती बंद केली.

टर्मिनलच्या पट्टीवरून ते एकेक वायर सोडवत गेले. फॉगर सोडला, बल्ब तसाच. कम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर सोडला, तसाच. पंखे, तसाच. सात नंबरची वायर सोडली आणि अंधार झाला.

सात नंबर म्हणजे हीटरचा हुकूम. कंट्रोलरकडून ही वायर चेंबरच्या आत जाते, हीटर बेसुमार तापला तर लाइन तोडणाऱ्या छोट्या कटआउटमधून फिरते, आणि आठ नंबरने पॅनलमध्ये परत येऊन कॉन्टॅक्टरच्या कॉइलला मिळते. सात परत लावली, बल्ब पेटला. आता आठ सोडली, बल्ब पेटलेलाच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष, शॉर्ट चेंबरच्या आतल्या केबलमध्ये. हे कळायला पाच मिनिटंही लागली नसतील.

मेन बंद, कुलूप, मीटरची तीच तीन पावलं. सात नंबरची वायर पट्टीतून मोकळी करून मीटरची एक सुई तिच्यावर, दुसरी बॉडीवर. ०.४ ओहम. आप्पा म्हणाले, आता नुसती पाहत राहा. मी मीटर धरून उभी राहिले. आतून गार होणाऱ्या पत्र्याचे टिकटिक आवाज येत होते. आकडा ०.४ होता, मग एकदम १२, परत ०.६, मग नाचायला लागला, आणि थोड्या वेळाने मीटरने 'OL' दाखवलं, म्हणजे संपर्क तुटला. माझ्या डोळ्यांसमोर बिघाड निघून गेला. आठवडाभर तो असाच, मेकॅनिक यायच्या आत, रोज निघून जात होता.

शिडी लावून आप्पांनी हीटरचं पत्र्याचं झाकण उतरवलं. कटआउटकडे जाणारी साधी पीव्हीसीची केबल हीटरच्या पट्टीला प्लॅस्टिकच्या टायने करकचून बांधलेली होती. बसवताना कुणीतरी ती लोंबकळू नये म्हणून बांधली असेल. साधी पीव्हीसी ७० अंशांपर्यंतची. हीटरच्या पट्टीला चिकटून तापली की ती मऊ होते, टायचा ताण असतोच, आणि तांबं हळूहळू आवरणातून पट्टीकडे सरकतं. गरम झाल्यावर पत्रा फुगून ते टेकायचं. गार झालं की आवरण आक्रसून कडक व्हायचं, पत्रा मागे जायचा आणि केसाएवढी फट पडायची. "हाऊ देख," आप्पा म्हणाले आणि केबल वळवून दाखवली. मुगाच्या दाण्याएवढं भोक, त्यात लाल तांबं.

या लहान विजेचं एक टोक बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेलं असतं. मी विचारलं, ते जोडलंच नसतं तर? फ्यूज उडाला नसता, ते म्हणाले, पण तांबं तसंच उघडं राहिलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. दुसरीकडे आणखी एक वायर अशीच टेकली असती तर मधले सुरक्षेचे स्विच टाळून हीटर लागलेलाच राहिला असता, भर उष्णतेत, गॅसच्या खोलीत. तेव्हापासून उडालेल्या फ्यूजवर मी चिडत नाही.

त्या रात्री तो तुकडा कापून काढला, आणि दुसऱ्या दिवशी भुसावळहून सिलिकॉनची उष्णता सोसणारी वायर आणून काचतंतूच्या नळीतून, हीटरपासून वीतभर लांबून नेली. टायच्या जागी पत्र्याची पकड, खाली रबर.

पण माझ्या डोक्यात एक प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय मला झोप आली नसती. टाय तर दोन वर्षांपासून तिथे होती. मग ११ डिसेंबरलाच काय झालं?

आप्पांनी पुन्हा रजिस्टर मागितलं. ९ तारखेपर्यंत हीटर लागून बंद व्हायला नऊ, दहा, फार तर अकरा मिनिटं लागत होती. १० तारखेपासून पंधरा, सोळा. नवी वायर घातल्यावर हीटर चालू करून त्यांनी तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न सोडवता बाहेरूनच करंट मोजणारा चिमटा लावला. ८.५ अँपिअर, ८.६, आणि तिसऱ्यावर शून्य. तीनपैकी एक हीटर जळालेला होता. गार झाल्यावर रोध मोजला, दोन हीटरचे साडेसव्वीसच्या आसपास, दोन किलोवॅटला हवेत तेवढेच, आणि तिसऱ्याची तार आतून तुटलेली. सहाचे चार किलोवॅट झाले, खोली उबायला वेळ लागू लागला, चालू असलेले हीटर जास्त वेळ तापत राहिले, आणि दहा मिनिटांत कधीच मऊ न होणारी केबल अठराव्या मिनिटाला तांबं सोडू लागली. क्लॅम्प मीटर लावायला एक मिनिट लागतं. पहिल्या दिवशी तो लावला असता तर पाच टन माल वाचला असता, आणि साडेअकरा हजारही.

बोर्डाचं मी कंपनीशी फोनवर बोलले. जुनं बोर्ड ठीक आहे हे चेंबर नंबर एकमध्ये लावून सिद्ध केलं, आणि आता ते स्पेअर म्हणून कपाटात आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

नवा हीटर २३ तारखेला बसला. क्लॅम्पवर ८.६, ८.७, ८.६. त्याच संध्याकाळी खिरोद्याकडचा माल आला, गराचं तापमान १४. रात्री ११.१०ला हीटर लागला, ११.२०ला बंद झाला, आणि मी दोन्ही वेळा लिहिल्या. रजिस्टरात आता एक नवा रकाना आखला आहे, व्होल्टेजचा. शेजारी तीन बारके रकाने आहेत, हीटरच्या तीन फेजच्या अँपिअरचे, दर सोमवारी भरायचे. यांनी स्वतःचा क्लॅम्प मीटर घेतला, तो पॅनलच्या बाजूला खुंटीला टांगलेला असतो, आणि त्याच खुंटीला होल्डरसकट तो ट्रकचा बल्बही. ड्रायव्हरभाऊंना आम्ही नवा घेऊन दिला.